सांध्यावरची पट्टी

आषाढ लागला आणि जयंती माहेरी मानखुर्दला गेली. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या सुनेने सासूजवळ राहायचं नाही, हा रिवाज शेवंती परबनेच तिला सांगितला होता. सून पिशवी घेऊन जिना उतरली, तेव्हा शेवंतीला मनातून बरंच वाटलं. महिनाभर एक माणूस कमी, तेवढीच धुणीभांडी कमी. प्रसूतिगृहात दिवसभर दुसऱ्यांची लेकरं आणि बाळंतिणी उचलून तिची कंबर आधीच धरलेली असायची.

त्या संध्याकाळी दशरथ जेवायला बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, “आई, ती म्हणते, ती फट बुजल्याशिवाय मी येणार नाही.”

शेवंतीने त्याला आमटी वाढली. “कोणती फट?”

“तुला माहीत आहे.”

“मला काय माहीत? मी काय फटीला डोळा लावून बसते?”

“तसं कोण म्हणतंय. पण तिकडे दिवा लावला की इकडे उजेडाची रेघ पडते. आणि इकडे लावला की तिच्या अंगावर पडते. ती कपडे बदलायला मोरीत जाते, आई. स्वतःची खोली असताना.”

दशरथने भात कालवला आणि उरलेलं सांगून टाकलं. “तिच्या बाबांच्या चाळीत एक खोली रिकामी होतेय. श्रावणात.”

दाराशी बसलेला सहदेव, शेवंतीचा नवरा, पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

फट पडलेली ती मधली भिंत त्यानेच उभी केलेली होती. घाटकोपरला पंतनगरात हाउसिंग बोर्डाची एकच खोली. एका बाजूला गॅलरीत उघडणारं दार, मोरी आणि ओटा. समोरच्या बाजूला खिडकी. दशरथचं लग्न ठरलं तेव्हा सहदेवने खोलीच्या मधोमध लाकडाचा सांगाडा उभारला आणि त्याला दोन्ही बाजूंनी हार्डबोर्ड ठोकले. मध्ये एक दार. खिडकीची बाजू नव्या जोडप्याला द्यायची, हे शेवंतीने ठरवलं. सहदेव म्हणाला होता, “मगे आमच्याकडे काळोख.” तिने उत्तर दिलं होतं, “आपल्याला काय बघायचंय आता?”

पण सांगाड्याचा मधला वासा बोटभर बाजूला बसला होता. त्यामुळे दोन्हीकडच्या बोर्डांचे सांधे समोरासमोर आले आणि त्यांच्यामागे लाकूडच राहिलं नाही. उन्हाळ्यात बोर्ड सुकून मागे सरले आणि जमिनीपासून छतापर्यंत एक फट उघडली. बांगडी उभी आत सरकेल एवढी. सकाळी खिडकीतलं ऊन त्या फटीतून या बाजूला यायचं. जमिनीवर त्याची एक पट्टी पडायची, आणि शेवंती त्या पट्टीत सूप धरून तांदूळ निवडायची. सहदेव पेपरचं पान दुमडून त्या उजेडात धरायचा. ती फट सुनेला टोचत असेल हे शेवंतीच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तिने ते बाजूला ठेवलं होतं.

तिच्या स्वतःच्या लग्नानंतर लालबागच्या खोलीत सासूने दोरीवर एक लुगडं टाकून दिलं होतं. ती तिची खोली. पलीकडे सासू, दीर आणि घरच्या खानावळीत जेवायला येणारे गिरणीकामगार. शेवंती वाढता वाढता म्हातारी होणार असं वाटायचं, इतक्या पंगती तिने उठवल्या. मग पंतनगरची खोली लागली, सासू गेली, मुलगी लग्न होऊन मालवणकडे गेली. त्यानंतर संप झाला. सहदेव गिरणीच्या सायझिंग खात्यात होता. तिथे सुताला खळ लावतात, म्हणजे पिठाची पेज पाजतात, म्हणजे मागावर सूत तुटत नाही. संप सुरू झाल्यापासून तो घरी बसला तो बसलाच. शेवंती प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. पहिल्या वर्षी सहदेव बोलायचा, गिरणी चालू होणार, अमका असं म्हणाला, तमका तसं म्हणाला. एकदा ती कामावरून आली होती, पाय सुजलेले होते, आणि तो तिला भाजीत मीठ कधी घालावं हे सांगायला लागला. ती म्हणाली, “तुमचं गिरणीतलं शहाणपण गिरणीत ठेवा.” तेव्हापासून त्याने खरोखरच ठेवलं.

मुलगी लांब. राहिला हा एक. तो मानखुर्दला गेला की या खोलीत ती आणि हा पेपर.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या मजल्यावरच्या मार्तंडकडे गेली. मार्तंड रंगकाम करायचा. पावसाळ्यात त्याला काम नसायचं, म्हणून तो दारात बसून ब्रश धूत होता.

“मावशी, पावसात सांधा? श्रावण संपू दे की.”

“श्रावण लागायच्या आत पाहिजे. सून यायचीय.”

“मग भेगा भरायची तेलाची लांबी चालणार नाही, वाळायचीच नाही. खडूची भुकटी घ्या, सरसात मळा, चिमूटभर चुना टाका. आधी फट भरा. त्यावर कापडाची पट्टी सरसाने चिकटवा. मग लांबीचा हात, वाळला की पॉलिश पेपर, परत हात. प्रत्येक हात आधीपेक्षा रुंद. नुसती फट भरलीत तर चार दिवसांत तडकेल.”

“कापड कसलं?”

“जुनं, मऊ. बँडेज असतं ना तुमच्या दवाखान्यात, तसं. आणा थोडं, कोण विचारतंय.”

शेवंतीने ओठ मुडपले. प्रसूतिगृहातली बँडेजं ती धुवायची, उकळायची. ती कशाकशाला लागलेली असतात ते तिला माहीत होतं. घरी आल्यावर तिने ट्रंक उघडली. तळाशी सासूचं एक लुगडं होतं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. तिने ते वर काढलं आणि परत आत ठेवलं. नव्या जोडप्याच्या खोलीला मेलेल्या बाईचं लुगडं, तेही विधवेचं? उद्या काही झालं तर आपणच आपल्याला विचारणार. ती बाजारात गेली आणि नवा कोरा मांजरपाट फाडून घेऊन आली. खळीने कडक, घडी मोडताना आवाज करणारा. घरात नवं कापड आलं की करतात तसं तिने त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. मग कात्रीने त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या.

सहदेव पेपरावरून बघत होता.

“काय?” ती म्हणाली.

“काय नाय.”

सरस उकळायला तिने फुटक्या कानाचं पातेलं घेतलं. घरभर मेलेल्या जनावराचा वास सुटला. शेजारची लता नाकाला पदर लावून डोकावली. “शेवंतीताई, काय शिजवताय गं बाई?”

“भिंत,” शेवंती म्हणाली.

हात तिचा सारवणाचा होता. गावात लहानपणी तिने अंगणं सारवली होती, आणि अजूनही ओलं काही जमिनीला किंवा भिंतीला लावायचं म्हटलं की हात आपोआप अर्धा गोल फिरायचा. पत्र्याच्या पट्टीने लांबी ओढतानाही तो तसाच फिरला. फट भरली, पट्ट्या चिकटल्या, त्यावर लांबी बसली. रोज प्रसूतिगृहातून आल्यावर एक हात. पॉलिश पेपर घासला की पांढरी भुकटी डोक्यावर, पापण्यांवर, आमटीच्या झाकणावर. दशरथ विद्याविहारच्या वर्कशॉपमधून येऊन भिंतीकडे बघायचा, हात लावायचा नाही. “जमतंय,” म्हणायचा. त्याला मदत करायची होती पण दमून यायचा, आणि शेवंतीने त्याला कधी बोलावलंही नाही. दमलेल्या माणसाला हाक मारायला तिला जड जायचं. स्वतः दमलेली असताना मात्र नाही.

एका सकाळी ती चहा ठेवत होती आणि दशरथ पलीकडून म्हणाला, “आई, इकडे ये.”

त्याच्या बाजूची पट्टी मधोमध फाटल्यासारखी झाली होती. कापड आक्रसून कडा वर उचलल्या होत्या, लांबीचे पोपडे जमिनीवर पडले होते, आणि मध्ये फट पूर्वी होती तिथेच होती. तेवढंच असतं तर चाललं असतं. खांद्याच्या उंचीवर, पांढऱ्या लांबीतून, लाल डाग वर आला होता. बोटाएवढा, कडेने पसरलेला.

“हे काय आहे?” दशरथ म्हणाला. “रक्तासारखं दिसतंय.”

शेवंतीने डागावर अंगठा घासला. हळद आणि चुना. लग्नाआधी माहेरी आईबरोबर तिने असंच कुंकू केलेलं होतं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याने दशरथ आणखी चिडला.

“हसतेस काय. ती बघेल तर काय म्हणेल?”

“हळद आहे रे. मी लावली होती कापडाला.”

“भिंतीला हळद?”

“कापडाला. नवं होतं.”

“वाट लागली,” दशरथ म्हणाला. शर्ट घालताना त्याने आणखी एक सांगितलं, हळू, जणू स्वतःशी. “मी रविवारी मानखुर्दची खोली बघून येतो. फक्त बघतो, आई. बघायला काय.”

तो गेला. शेवंतीचा चहा उतू गेला होता. तिने तो पुसला, उरलेला दोन कपांत ओतला, एक सहदेवसमोर ठेवला. प्रसूतिगृहात जायची वेळ होत आली होती. पण ती पाटावर बसून राहिली.

सहदेव चहा पीत म्हणाला, “कोरां कापड. आटतलांच.”

तिने मान वर केली.

“खळीचां कापड असतां तां. सरसाचा पाणी लागला की खळ सुटता, कापड आटता. धुऊन घेतल्याशिवाय लावूक नको होतां.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळी नोकरी त्यातच गेली.”

“मग बोलला का नाहीत? मी कापत होते तेव्हा समोर बसला होतात. पेपर वाचत.”

सहदेवने कप खाली ठेवला. “तूच म्हणालंस ना. गिरणीतलां गिरणीत ठेवा.”

तिला हा प्रसंग आठवायला वेळ लागला नाही. आठवला तेव्हा राग आला, मग रागही पुरेसा आला नाही. अंगात तेवढी ताकद नव्हती. हा माणूस एवढ्या दिवसांपूर्वीचं बोलणं असं जपून ठेवून बसला होता, आणि ती रोज त्याच्यासमोर चुकीची भिंत बांधत होती.

“पोरगा चाललाय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही माझं बोलणं धरून बसा.”

“मी धरून बसलंय नाय गो. सवय गेली बोलूची.”

ती उठली, चपला घातल्या. दारातून म्हणाली, “मग आता सांगा. कुठलं कापड?”

“मऊ. लय धुतलेला. ओला करून पिळून लावूचा.”

त्या दिवशी प्रसूतिगृहात एका बाईला जुळी झाली आणि शेवंतीला बसायलाही मिळालं नाही. संध्याकाळी घरी आली तर सहदेवने भिंतीवरची सगळी पट्टी खरवडून काढली होती. जमिनीवर पेपर अंथरून सगळा चुरा त्यात गोळा केला होता, तोच पेपर जो तो वाचायचा. लाल डाग गेला होता. सरसाचं पातेलं ओट्यावर तयार होतं, वासाने त्याचे डोळे पाणावले होते, आणि तो दर थोड्या वेळाने पळीने सरस उचलून तार बघत होता, जशी ती पाकाची बघते.

“कापड?” त्याने विचारलं.

शेवंतीने दिवसभर याच गोष्टीचा विचार केला होता. सासूचं लुगडं नको, बँडेज नको. तिच्या साड्या नायलॉनच्या, सरस धरणार नाहीत. दशरथची जुनी गंजी विणीची, ताणली जाईल. तिने दाराला आतून कडी घातली, ट्रंकेमागच्या गाठोड्यातून एक परकर काढला आणि सहदेवसमोर धरला. पांढरा, सुती, खानावळीच्या दिवसांतला. इतक्या वर्षांच्या धुण्याने त्याचा रंग ना पांढरा ना करडा असा झाला होता. नाड्याची पट्टी कधीच विरून गेली होती.

सहदेवने बोटांत धरून तो चोळला. सायझिंग खात्यातले लोक सूत चोळतात तसा. “हां,” तो म्हणाला. “ह्यां आटूचा नाय.”

“कुणाला सांगायचं नाही.”

“कोणाक सांगतलंय?”

“दशरथला पण नाही.”

सहदेवच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत नव्हतं असं काहीतरी हललं. “सुनेच्या भिंतीक सासूचो परकर,” तो म्हणाला. मग मान खाली घालून कात्री शोधायला लागला.

तिने पट्ट्या फाडल्या, त्याने त्या भिजवून पिळल्या. ती वर स्टुलावर, तो खाली. तिने वरून लावत यायचं, त्याने खालून ओढून धरायचं आणि तळव्याने हवा बाहेर दाबत जायचं. बोलणं असं फारसं झालं नाही. “धर.” “धरलंय.” “सुरकुती आली.” “तुझ्याकडून आली.” पुढचे लांबीचे हात सहदेवने दिले, कारण त्याचा हात सरळ जायचा. ती प्रसूतिगृहात असताना तो पॉलिश पेपर घासायचा, तळवा फिरवून बघायचा, परत घासायचा. पावसामुळे वाळायला वेळ लागायचा तर तो भिंतीशेजारी बसून राहायचा. दशरथ रविवारी मानखुर्दला जाऊन आला. खोली कशी आहे ते त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. पण आल्यावर त्याने भिंतीला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

शेवटी चुन्यात थोडी नीळ घालून सहदेवने दोन्ही बाजू रंगवल्या. पूर्ण भिंतीवर बघितलं तर सांधा कुठे आहे हे सांगता येत नव्हतं. फक्त एका ठिकाणी, तिरक्या उजेडात, शेवंतीच्या पहिल्या दिवसांतला एक अर्धगोल दिसायचा. खरवडताना राहून गेलेला.

आषाढ संपला. जयंती आली ती भावाला घेऊन. त्याने पिशवी ठेवली, चहा पिऊन गेला. जयंती पदर खोचून उभी राहिली, नमस्कार केला, मग आपल्या बाजूला गेली. थोड्या वेळाने तिने दशरथला हाक मारली. “तिकडचा दिवा लाव बघू. आणि हा मी बंद करते.”

दशरथने दिवा लावला. संध्याकाळची वेळ होती, ढग भरलेले. पलीकडे अंधार, इकडे बल्ब. शेवंती पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. सहदेव दाराशी पेपर धरून बसला होता, आणि पान उलटत नव्हता.

जयंती भिंतीजवळून चालत गेली असावी. बोटं बोर्डावरून सरकल्याचा आवाज आला, वरपासून खालपर्यंत. मग मधलं दार उघडलं आणि ती बाहेर आली.

“कुणी केलं, आई?”

“यांनी,” शेवंती म्हणाली.

“मामंजी, छान झालंय.” जयंती सासऱ्याकडे बघून म्हणाली. सहदेव पेपरातच म्हणाला, “होय.” जयंती पुढे म्हणाली, “मग तो फोटो तिथेच लावू ना? लग्नातला. मधोमध.” दशरथ खिळा शोधायला उठला. शेवंतीने सहदेवकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आलं असतं.

मानखुर्दच्या खोलीचं नाव नंतर निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंतीची सुट्टी होती. दशरथ कामावर गेला, जयंती आत केस विंचरत होती. पलीकडे ऊन आलं होतं, श्रावणातलं, मध्येच येणारं आणि जाणारं. शेवंती सूप घेऊन नेहमीच्या जागी बसली आणि तांदूळ पसरले. तांदूळ दिसत होते, खडे दिसत नव्हते. जमिनीवर पट्टी नव्हती. तिने सूप थोडं सरकवलं, मग अजून थोडं. मग तिच्या लक्षात आलं की ती फटीची जागा शोधते आहे. ती उठली आणि बल्ब लावला.

जयंती वेणी घालत दारात आली. “आई, दिवसा दिवा?”

“डोळे गेलेत माझे.”

जयंतीने तिच्याकडे, सुपाकडे, मग भिंतीकडे बघितलं. आत जाताना तिने मधलं दार पूर्ण लावलं नाही. हातभर उघडं ठेवलं, आणि खिडकीतलं ऊन त्यातून आत आलं, पूर्वीच्या पट्टीपेक्षा रुंद, ओट्याच्या पायापर्यंत. सहदेवने पेपर घेऊन आपली जागा सोडली आणि त्या उन्हाच्या कडेला येऊन बसला.

शेवंती तांदूळ निवडत राहिली. पलीकडे जयंती खिडकीकडे पाठ करून साडी झटकत होती. घरातली घालायची काढली असावी. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा मोरीकडे, आणि साडी हातात धरून तशीच उभी राहिली.

शेवंती गुडघ्यावर हात टेकून उठली. चालत जाऊन तिने मधलं दार ओढून घेतलं, नीट, चौकटीत बसल्याचा आवाज होईपर्यंत.

“आई, राहू दे ना उघडं,” आतून जयंती म्हणाली.

“उघडं ठेवायचं होतं तर एवढा खटाटोप कशाला केला,” शेवंती म्हणाली. आवाजात राग नव्हता. कामावरून आल्यावर असतो तसा होता.

ती परत सुपाजवळ बसली. सहदेवच्या मांडीवरचं ऊन गेलं होतं. तो पेपर धरून तसाच होता, बल्बच्या दिशेने पान तिरकं करून बघत होता.

“नीट दिसतंय?” तिने विचारलं.

“मोठां मोठां दिसता.”

“मग मोठं मोठं वाचा,” ती म्हणाली आणि सूप बल्बखाली ओढलं.